राखणदाराच्या पाच विड्या

आमच्या वाडीत अजून सांगतात की सुमती सात वर्षं दारूच्या कामावर होती. मी अजूनही प्रत्येकाला थांबवून सांगते की दारू नव्हे बाबा, वाईन. तांबडी. आपल्याच डोंगरावरच्या द्राक्षांची, औषधं न मारलेली. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "चडता मां पण?" चढते. मग समोरचा समाधानाने मान हलवतो आणि माझं सात वर्षांचं शिक्षण तिथल्या तिथे पाण्यात जातं.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी कामाचे अनुभव लिहा म्हटलं तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. मी काही कलेक्टर नव्हते. मिठबावच्या वरच्या अंगाला, समुद्राकडे तोंड करून उतरणारा एक जांभ्याचा डोंगर आहे, त्यावर दोन एकरांचा द्राक्षमळा आहे आणि त्या मळ्याची मी मुकादमीण होते. तरी हातात पेन मी काही कमी धरलेलं नाही. किंबहुना पेन धरल्यामुळेच सगळा घोळ झाला. तोच सांगते.

मळा विनूचा. विनायक म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, म्हणून मी त्याची वयनी. तो जहाजावर इंजिनियर होता. कुठल्या कुठल्या देशांत समुद्राच्या डोक्यावर डोंगर, डोंगरावर द्राक्षं आणि खाली टेबलावर तांबडी वाईन बघून आला आणि नोकरी संपल्यावर म्हणाला, हे आपल्याकडे का नाही? त्या देशांत आमच्यासारखा चार महिने पाऊस कोसळतो का, हे त्याने कोणाला विचारलंच नव्हतं. जहाजावरच्या माणसाला पाऊस म्हणजे डेकवर न जायला एक सबब.

गावाने त्याला सांगून बघितलं. "हय आंबो पिकता, काजू पिकता. द्राक्षा खंयसून पिकतली?" विनूने ऐकलं आणि रोपं आणली.

मला कामावर घेतलं त्याला दोन कारणं. एक, मला बोर्डो बनवता येतं. आमच्या सुपारीच्या बागेत कोळेरोगाला मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी मारण्यात माझा जन्म गेला. द्राक्षावर केवडा म्हणून रोग पडतो, पानं खालून पांढरी होतात आणि आठ दिवसांत मळा बसतो. त्यालाही हेच निळं पाणी, आणि सेंद्रियवाल्यांनाही ते मोजूनमापून चालतं. सुपारीवालीच द्राक्षवाली होऊ शकते, हे विनूला जहाजावर कोणी शिकवलं नव्हतं, मी शिकवलं. दुसरं कारण, मी दहावी पास आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे.

बाहेरच्या माणसासाठी काम थोडक्यात सांगते. पावसाळाभर वेलींवर प्लास्टिकचं छप्पर घालून त्यांना नुसतं जिवंत ठेवायचं. पाऊस गेला की छाटणी. मग फुटवे काढा, शेणखत द्या, जीवामृत द्या, वाऱ्याने काड्या मोडतात त्या बांधा, घड लागले की बुलबुलांशी भांडा. शिमग्याच्या आगेमागे, ऊन तापायच्या आत, घड तोडून खाली शेडमध्ये आणायचे. तांबड्या वाईनचा रंग सालीत असतो, म्हणून रस सालीसकट टाकीत आंबवायचा. साली फुगून वर येतात, त्या दिवसातून दोनदा लाकडी दांड्याने खाली दाबायच्या. ते काम मी कोणाला करू दिलं नाही. टाकीवर वाकलं की नाकात असा काही आंबूस, गोड वास जायचा की घरी गेल्यावर माझा नवरा मला दारातच थांबवून विचारायचा, "आज किती झाली?" मी त्या सात वर्षांत चव घेण्यापलीकडे घोटभर प्यायले नाही. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकापेक्षा एक. कुणकेश्वराचं दर्शन घेऊन परतणाऱ्या एक आजी मुलाच्या गाडीतून उतरल्या, अर्धा कप वाईन औषधासारखी डोळे मिटून प्यायल्या आणि म्हणाल्या, "खोकल्यावर चालात." तोंडवलीला पर्यटकांची घरगुती खानावळ चालवणारा एकजण आला. त्याने पहिला घोट तोंडात घोळवला, आम्ही दोघं पुढे सरकलो, आणि तो म्हणाला, "कोकमाच्या आगळापेक्षा जरा कमी आंबट आसा. सोलकढीत बरी लागात." विनू दोन दिवस जेवला नाही. मी मात्र घरी जाऊन चमचाभर घालून बघितली. वाईट लागत नाही.

आता सेंद्रिय म्हणजे काय ते. तीन वर्षं मळ्यात रासायनिक खत नाही, औषध नाही, आणि जे काही घातलं त्याची नोंद. दर वर्षी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस येतो, मळा बघतो, वही वाचतो. तिसऱ्या वर्षी पास झालात तर बाटलीवर शिक्का. विनूने कोरी वही माझ्या हातात देताना सांगितलं होतं, "वयनी, भायरसून मळ्यात जा काय येयत, ता सगळा वहीत येवक व्हया. एक पाटी शेण आयला तरी."

मी लिहिलं. शेण लिहिलं, राख लिहिली, लिंबोळीचं पाणी लिहिलं, शेजारच्या आंब्याच्या बागेत फवारणी झाली त्या दिवशी वारा कुठल्या बाजूचा होता तेही लिहिलं. शाळेत असताना इतकं लिहिलं असतं तर आज मी खरंच कलेक्टर असते.

आणि राखणही लिहिली. आमच्याकडे प्रत्येक डोंगराला, शेताला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जागा त्याची. वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपलं म्हणणं त्याच्या कानावर घालायचं, मगच कामाला हात लावायचा. मळ्यातल्या राखणदाराचा दगड पाचव्या ओळीत आहे. रोपं लावताना ओळ तिथे तोडून दगड तसाच ठेवला, कारण दगड हलवला असता तर एकही बाई कामाला आली नसती. मी सुद्धा नाही. दर छाटणीआधी तातू गावकर यायचे. ते गावचे मानकरी, सत्तरीच्या पुढचे, आवाज मात्र कणखर. एक कोंबडा, एक बाटली दारू आणि पानावर पाच विड्या, असा राखणदाराचा मान.

दुसऱ्या दिवशी पान रिकामं असायचं. बायका हात जोडायच्या. राखणदार विड्या घेऊन गेला म्हणजे वर्ष चांगलं जाणार.

तिसरं वर्ष आलं. विनूने मुंबईतल्या बायकोला शब्द दिला होता की या वर्षी शिक्का मिळाला नाही तर हट्ट सोडायचा आणि डोंगर विकायचा. रिसॉर्टवाला दोनदा येऊन डोंगरावरून सूर्यास्त बघून गेला होता. गोव्यातलं एक हॉटेल आमची वाईन घ्यायला तयार होतं, पण शिक्का असेल तरच. घड पुरते रंगले होते. प्रत्येक वेल मी हाताने बांधलेली. रिसॉर्टवाला दिसला की मी मुद्दाम त्याच्या आणि वेलींच्या मध्ये जाऊन उभी राहायची.

तपासनीस आले ते या खेपेला नवीन होते. साळुंखेसाहेब, सांगलीकडचे, वडिलांचा द्राक्षाचा मळा, स्वतः थेंब न घेणारे. आधीच्या साहेबांनी दोन्ही वर्षं शेणखताची पानं तेवढी चाळली होती. हे शेडच्या पडवीत बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी त्यांच्यासमोर बसले होते आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. इतकं मन लावून माझं लिखाण आजवर कोणी वाचलं नव्हतं.

मग ते थांबले. "मावशी, ही राखण म्हणजे कुठलं खत?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोंबडा मळ्यात कापला?"

"दाखवला मळ्यात. कापला बाहेर, पाणंदीच्या वाटेवर. खाल्ला सगळ्यांनी."

"दारू?"

"बूचभर दगडावर."

"आणि बाकीची बाटली?"

तातू गावकर नवीन साहेबांना बघायला आले होते, लिंबोळ्या पाखडणाऱ्या बायकांच्या शेजारी पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी समुद्राकडे बघितलं. "बाकीची प्रसादाची," मी म्हटलं.

"आणि विड्या? पाच?"

"पानावर ठेवतात. दगडापुढे."

साहेबांचं पेन थांबलं. "मावशी, तंबाखू आधी परवानगी घेतल्याशिवाय मळ्यात आणता येत नाही. त्याच्या पाण्याने कीड मारतात, म्हणजे ते औषधात मोडतं. आणि इथे तीन वर्षं, दर वर्षी, स्वच्छ अक्षरात लिहिलंय."

विनू म्हणाला, "साहेब, ती देवाची आहे."

"देवाचीच असेल. पण तंबाखू आहे." ते उद्धट नव्हते, उलट त्यांनाच वाईट वाटत होतं. "मी हे लपवू शकत नाही. वर कळवावं लागेल. बहुतेक तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतील."

विनू उठून पडवीच्या कडेला गेला आणि मळ्याकडे बघत राहिला. मग वळून मला हळूच म्हणाला, "वयनी, चुकान लिवलात मां ता? वायच आठवून बघा."

म्हणजे खोटं बोला, असं तो सांगत होता. विनू, जो जहाजावरून आणलेल्या साबणाचीसुद्धा जकात भरायचा. मला त्याचा राग आला आणि लगेच त्याची इतकी दया आली की माझे डोळे भरले. कारण त्या नोंदीत चूक खरंच होती आणि ती फक्त मला माहीत होती. निदान मला तसं वाटत होतं.

त्या विड्या राखणदार नेत नव्हता. मी नेत होते.

माझे वडील रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पहाटे वाळूत शेकोटीपाशी बसून ते विडी ओढायचे आणि मी थंडीने कुडकुडायला लागले की मला एक झुरका द्यायचे, आईला सांगू नकोस म्हणून. तो वास माझ्या नाकातून गेला नाही. विडी मी कधी विकत आणायची नाही, पण राखणीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मळ्यात पोचायची, पानावरच्या विड्या उचलायची आणि पाणंदीत जाऊन त्यातली एक ओढायची. बाकीच्या घरी तांदळाच्या डब्यात, पावसात चोरून ओढायला. पाणंदीतच ओढायची, मळ्यात नाही, थोटूकसुद्धा कधी मळ्यात टाकलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

आता हे सहा बायका, तीन गडी, दीर आणि गावचा मानकरी यांच्यासमोर कसं सांगायचं? बाईमाणूस विडी ओढतं, हे एक. ती राखणदाराच्या पानावरून उचलतं, हे त्याहून भयंकर. मला वाटलं, गप्प बसावं. विनू विकेल डोंगर, जाईल मुंबईला, मी परत सुपारीत. मग समोर पाचवी ओळ दिसली. पहिल्या वर्षी केवड्याने सगळी ओळ बसली होती, त्यातल्या अकरा वेली मी जगवल्या होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "विड्या मळ्यात राहत नाहीत. सकाळी मी उचलून नेते. आणि ओढते."

एका बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. विनू माझ्याकडे असा बघत होता जसं काही मी जहाज बुडवलंय.

साहेबांनी विचारलं, "पाचही?"

"जितक्या असतात तितक्या. अंधारात मोजत कोण बसतं."

तेव्हा तातू गावकर खाकरले. समुद्राकडे बघतच म्हणाले, "पाच खंय गो सुमती? तीनच व्हत्यो. दोन मी आदीच काढून घेतलंय."

सगळ्यांच्या माना तातूंकडे वळल्या.

"तातानू," मी म्हटलं, "दर वर्सा?"

"मानकऱ्याचो मान असता तो," तातू म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा कणखर नव्हता. "चाळीस वर्सा घेतंय. डाक्टरान विडी बंद केली तरी घेतंय. ओढणंय नाय, पण मान सोडवणा नाय. औंदाच्यो दोन तशाच आसत. व्हये तर दाखवतंय."

आणि त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून लाल दोऱ्याच्या दोन विड्या काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवल्या. त्याच बंडलातल्या दोन माझ्या तांदळाच्या डब्यात उरल्या होत्या, त्या एका बाईला पाठवून आणवल्या. साहेबांनी चारही विड्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. सांगलीहून एवढा अभ्यास करून आलेल्या माणसावर ही वेळ आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण माणूस सरळ. त्यांनी आम्हा दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले, दगडाभोवतीची जमीन फिरून बघितली, तिथली माती नमुन्याला घेतली आणि कागदावर लिहिलं, ते मला तोंडपाठ आहे: "सदर पाच विड्यांपैकी दोन विड्या मानकऱ्यांनी ठेवण्यापूर्वी व तीन विड्या मुकादमांनी ठेवल्यानंतर काढून घेतल्या असून जमिनीत काहीही शिल्लक नाही." खाली आमच्या सह्या. राखणदाराला लुबाडल्याची इतकी शुद्ध मराठी कबुली आमच्या पंचक्रोशीत दुसरी नसेल. मला त्यांनी वेगळं बाजूला घेऊन सुनावलं, "मावशी, न मोजता पाच लिहिलंत. ही चूक खरी तुमची." ते मला विडीपेक्षा जास्त लागलं.

इकडे नवीनच संकट. बायकांनी सुपं खाली ठेवली. तीन वर्षं राखणदाराला विडी मिळालेली नाही, तरी तो राखत बसलाय, तो आता कोपला तर? त्याची माफी मागितल्याशिवाय एक घड तोडणार नाही म्हणाल्या. तोडणी आठ दिवसांवर. विनूने डोकं धरलं. मी साहेबांना विचारलं, "आमच्याच मळ्यातली वाईन त्याला दिली तर?"

ते विचार करून म्हणाले, "तुमच्याच द्राक्षांची असेल तर बाहेरून काही आलं असं होत नाही. फक्त नोंद करा. मोजून."

आदल्या वर्षीची एक बाटली काढली. तातू गावकर दगडापुढे उभे राहिले. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी गाऱ्हाणं घातलं, त्याला स्वतःच्या चोरीचं गाऱ्हाणं घालायचं होतं.

"बा राखणदारा म्हाराजा," ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"तुझ्या पानावरची विडी आमी दोघांनी खाल्ली. तू बोललंस नाय, डोंगर राखत रवलंस. चूक झाली ती पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आता विडी बंद. ही तुझ्याच डोंगराची तांबडी आसा. बूचभर नाय, आख्खी बाटली. गोड मानून घे, आनी ह्या सायबाचो शिक्को पडांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," साळुंखेसाहेबही म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईने पिशवी आवरायला घेतली.

तातूंनी बाटली दगडावर ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत. एवढी चांगली वाईन जमिनीत जाताना बघून विनूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला वाईट वाटलं नाही. मला एकदम हलकं वाटलं.

मातीच्या नमुन्यात काही निघालं नाही. पावसाच्या आधी शिक्का आला. डोंगर राहिला. माझं नाव मात्र गावात विडीबाय पडलं ते पडलंच. माझ्या नवऱ्याने आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी विचारलं, "म्हणजे वाईनीचा पण खराच मां?" त्या बाबतीत मी खरंच निर्दोष होते, पण आता कोण ऐकतंय.

त्यानंतर चार वर्षं मी मळ्यावर होते. दर वर्षी राखणीला आमचीच बाटली, आणि वहीत नोंद: वाईन एक, मोजून. गेल्या छाटणीला गुडघ्यांनी ऐकेनासं केलं म्हणून मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी विनूने शिक्क्याची बाटली दिली. म्हणाला, "वयनी, त्या दिवशी तुमी गप रवला असतात तर आज हय स्विमिंग पूल असतो." एवढंच म्हणाला आणि टाकीकडे निघून गेला. त्याला डोळे पुसताना मी बघितलं.

तातू गावकर आता अंथरुणावर आहेत, डोंगर चढवत नाही. त्या बाटलीबरोबर त्यांनी विनूच्या हाती एक केळीच्या पानाची पुडी पाठवली होती. उघडली तर लाल दोऱ्याच्या त्याच दोन विड्या, चार वर्षांच्या, सुकून कडकडीत. सांगावा होता, "माझो मान सुमतीक दी."

मी पुडी घेऊन मळ्याच्या बाहेर आले, दगडी कुंपणाचा गडगा ओलांडून पाणंदीत. एक विडी गडग्याच्या बाहेरच्या दगडावर ठेवली, राखणदाराला वाटलं तर येऊन घेईल. दुसरी पेटवली. समुद्र खाली उन्हात पडला होता आणि धुराचा वास थेट रापणीवरच्या पहाटेचा आला. मी तिथे बसून मनसोक्त रडले.

हद्दीच्या बाहेर होते, म्हणून वहीत लिहायची गरज नव्हती. लिहिलंही नाही. पण नोंद राहिली की मला झोप लागत नाही, म्हणून इथे करते: विड्या दोन. मोजून.